सत्ताविसाव्या वर्षी

शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरने मीटिंग रूममध्ये बोलावलं, दार लावलं आणि पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. वाईट बातमी देतानाही तो हेच करतो, त्यामुळे छातीत धस्स झालं. पण निघालं उलटंच. "यू आर रेडी फॉर लीडरशिप," म्हणाला. पुढच्या महिन्यापासून माझ्या हाताखाली नऊ जण. कोड लिहायचा नाही, लिहून घ्यायचा. रजा मंजूर करायच्या, लोकांची अप्रेझल्स भरायची, रात्रीच्या कॉलवर क्लायंटला "सगळं वेळेत चाललंय" असं सांगायचं. पगारात बऱ्यापैकी वाढ. उत्तर सोमवारी द्यायचं.

मंडळी, माझं वय अठ्ठावीस. सहा वर्षांत ही तिसरी कंपनी. आणि गंमत म्हणजे मी मुळात केमिकल इंजिनीअर आहे. म्हणजे डिग्रीच्या कागदावर तरी तसं लिहिलंय. बारावीनंतर माटुंग्याचं यूडीसीटी हवं होतं (आता त्याचं नाव आयसीटी आहे, पण आमच्या घरात अजून यूडीसीटीच म्हणतात). सीईटीत थोडक्यात हुकलं. दुसऱ्या एका कॉलेजात केमिकलच घेतलं, कारण बाबांना तेच हवं होतं. शेवटच्या वर्षी कॅम्पसला एक सॉफ्टवेअर कंपनी आली, तिने मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल असा काही भेदभाव न करता आम्हाला पोत्याने उचललं, आणि तीन महिन्यांत मी जावा लिहायला लागलो. डिस्टिलेशन, हीट एक्स्चेंजर, मास ट्रान्स्फर, सगळं माळ्यावर. अक्षरशः माळ्यावर, खोक्यात भरून.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत प्लांट ऑपरेटर होते. तीन शिफ्टमध्ये आयुष्य काढलं, शेवटी शिफ्ट इन्चार्ज म्हणून रिटायर झाले. माझ्या आयटीबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. एकदाच म्हणाले होते, "अरे, तू काय बनवतोस ते मला कळत नाही, आणि मी काय बनवत होतो ते तुला कळायला हवं होतं." आईने लगेच विषय बदलला. असो.

तर शनिवारी सकाळी लाइटचं जुनं बिल शोधत होतो. बाबांची फाइल उघडली, तर बिलांच्या मध्ये वर्तमानपत्राचं एक कात्रण. जून २०२५ चं. बातमी तुम्हीही वाचली असेल: मुकेश अंबानींनी माटुंग्याच्या आयसीटीला १५१ कोटी रुपये दिले, कुठलीही अट न घालता, आपले गुरू प्रा. मनमोहन शर्मा यांना गुरुदक्षिणा म्हणून. शर्मा सरांच्या चरित्राचं प्रकाशन होतं, त्या कार्यक्रमात. अंबानी स्वतः तिथले केमिकल इंजिनीअर. (१५१ चा तो वरचा एक बघा. आपल्याकडे लग्नाच्या पाकिटात एकशे एक घालतात, तोच शकुनाचा रुपया. फक्त इथे तो एक कोटीचा आहे.)

ही बातमी तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही फिरली होती, आणि सगळ्यांनी आकड्याबद्दलच गप्पा मारल्या होत्या. मीही. बाबांनी मात्र आकड्याखाली नाही, भलत्याच ओळीखाली पेनाने रेघ मारली होती. सत्ताविसाव्या वर्षी प्रोफेसर झाले, त्या ओळीखाली.

आता अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला घरात असं काही सापडणं म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. :) बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्यासाठी नव्हती मारली रे." पण मारली होती. मग मी वीकेंड शर्मा सरांवर घालवायचा ठरवला.

मनमोहन शर्मा जोधपूरचे, जन्म १ मे १९३७. मुंबईला येऊन यूडीसीटीतून १९५८ मध्ये केमिकल इंजिनीअर झाले, १९६० मध्ये तिथूनच मास्टर्स. मग केंब्रिज, आणि तिथे पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे पीएचडी, १९६४ साली. हे डँकवर्ट्स म्हणजे एक स्वतंत्र सिनेमा आहे. ऑक्सफर्डला केमिस्ट्री शिकलेला माणूस. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा नौदलात तरुण अधिकारी होता, आणि पॅराशूटने टाकलेले जर्मन सुरुंग निकामी करायचं काम करत होता. झोप नाही, काही नाही, एकामागून एक सुरुंग. त्यासाठी त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला. युद्ध संपल्यावर अमेरिकेत एमआयटीला जाऊन केमिकल इंजिनीअरिंग शिकला आणि १९५९ मध्ये केंब्रिजला प्रोफेसर झाला. असा गाइड असेल तर "सर, रीडिंग बरोबर येत नाहीये" हे सांगायला काय धीर लागत असेल! (किंवा कदाचित अजिबात लागत नसेल. ज्याने सुरुंग उघडलेत तो ब्युरेटवरून कशाला ओरडेल?)

डँकवर्ट्स यांची एक प्रसिद्ध कल्पना आहे, १९५१ ची. कॉलेजात मी ती घोकून पास झालो आणि कळली या शनिवारी. वायू द्रवात विरघळतो तेव्हा आधी द्रवाच्या पृष्ठभागाला भेटतो. हा पृष्ठभाग आळशासारखा एका जागी बसून नसतो. आतून ताजा द्रव वर येतो, थोडा वेळ वायूला तोंड देतो आणि पुन्हा आत ओढला जातो. कोण किती वेळ वर राहील याचा नेम नाही. अंबरनाथ लोकलचा दरवाजा डोळ्यांसमोर आणा. वारा फक्त दारातल्या लोकांना लागतो. कुर्ला आलं की दारातले आत ढकलले जातात, नवे दारात येतात. डब्यात एकूण किती वारा शिरला हे दारातली माणसं किती भरभर बदलतात यावर ठरतं. झालं, हाच तो सरफेस रिन्यूअल. आम्हाला कोणी असं सांगितलं असतं तर!

शर्मांनी केंब्रिजमध्ये काम केलं ते कार्बन डायऑक्साइडवर: तो अल्कलीत आणि अमाइनमध्ये कसा, किती वेगाने शोषला जातो. १९६६ मध्ये डँकवर्ट्स आणि शर्मा या दोघांच्या नावाने यावर एक मोठा लेख आला. तेव्हा हा विषय खत कारखाने आणि गॅस शुद्धीकरणवाल्यांचा होता. आज वीज केंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायच्या प्रकल्पांमध्ये अमाइनचंच द्रावण वापरतात आणि गणित तेच आहे.

आणि १९६४ मध्ये, पीएचडी हातात, वय सत्तावीस, केंब्रिजचा शिक्का, हा माणूस परत आला. मुंबई विद्यापीठाने त्याला आपल्याच यूडीसीटीत थेट प्रोफेसर केलं. ज्यांनी शिकवलं त्यांच्या शेजारच्या खुर्चीत.

इथे थोडा थांबलो. कारण मला आधी वाटलं होतं की ही "परदेश सोडून मायदेशी आले" छापाची गोष्ट असेल, आणि अशा गोष्टींनी मला थोडं अपराधी आणि बराचसा कंटाळा येतो. पण पुढचं वाचताना मजा यायला लागली. १९६० च्या दशकातली मुंबई. परदेशी चलनाची टंचाई, एखादं उपकरण मागवायचं तर परवाने. मग संशोधन करायचं कशावर?

जे केलं ते ऐका. कारखान्यात एक उंच नळा असतो, त्याला कॉलम म्हणायचं. वरून द्रव पडतो, खालून वायू चढतो, मध्ये चिनी मातीची पोकळ नळकांडी ठासून भरलेली असतात, म्हणजे द्रव त्यांच्या अंगावरून पसरत खाली येतो आणि वायूला त्याचा स्पर्श होतो. आता प्रश्न: स्पर्श होणारं हे क्षेत्रफळ किती? नळकांड्यांचं क्षेत्रफळ मोजता येईल, पण ती सगळी ओली होत नाहीत. कुठे धार, कुठे थेंब, कुठे कोरडं. टेप लावून मोजणार कसं? आणि हा आकडा नसेल तर कॉलम किती मोठा बांधायचा हे अंदाजपंचे.

युक्ती अशी. वेग आधीच पक्का ठाऊक असलेली रिअ‍ॅक्शन घ्यायची. उदाहरणार्थ, कार्बन डायऑक्साइड आणि कॉस्टिक. किंवा ऑक्सिजन आणि सल्फाइटचं द्रावण, त्यात कोबाल्टची चिमूट. रिअ‍ॅक्शन इतकी चटपटीत हवी की वायू पृष्ठभागातून जरा आत शिरला की लगेच संपावा. पण इतकीही चटपटीत नको की पृष्ठभागालगतचं कॉस्टिकच संपून जाईल. या मधल्या पट्ट्यात एक अजब गोष्ट होते. द्रव कमी ढवळा की जास्त, चौरस सेंटीमीटरमागे शोषला जाणारा वायू तेवढाच राहतो, आणि तो किती हे गणिताने आधी काढता येतं. मग अख्ख्या कॉलममध्ये एकूण किती वायू शोषला गेला ते टायट्रेशन करून मोजायचं. एकूणला एकाने भागायचं. आलं क्षेत्रफळ!

लागलं काय? ब्युरेट, कोनिकल फ्लास्क, इंडिकेटर. बारावीच्या प्रॅक्टिकलला असतं ते सामान. ही पद्धत एकट्या शर्मांची नव्हे, युरोपातही लोक करत होते. पण माटुंग्यात त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकेक प्रकारचं उपकरण घेतलं, बबल कॉलम, पॅक्ड कॉलम, ढवळायची टाकी, आणि त्याचे आकडे काढले. जगभरच्या डिझाइन करणाऱ्यांनी ते वापरले. पुढे १९८४ मध्ये पुण्याच्या एनसीएलमधल्या एल. के. दोराईस्वामी यांच्याबरोबर त्यांनी दोन खंडांचं पुस्तक लिहिलं, 'हेटरोजिनियस रिअ‍ॅक्शन्स'. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत ते काचेच्या कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं.

हे सगळं मी जेवताना बाबांना उत्साहाने सांगत होतो. बाबा शांतपणे पोळी मोडत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे स्क्रबर."

मी म्हटलं, "काय?"

"तू जो नळा सांगतोयस तो स्क्रबर. आमच्या प्लांटला दोन होते. थायोनिल क्लोराइड वापरलं की दोन गॅस निघतात. एचसीएल पहिल्या स्क्रबरला पाण्यात, एसओटू दुसऱ्याला कॉस्टिकमध्ये. बंद पडला की आख्ख्या गल्लीला कळायचं."

चार वर्षं मास्टरांनी मला ॲब्सॉर्प्शन विथ केमिकल रिअ‍ॅक्शन शिकवलं आणि अठ्ठावीस वर्षं ते काम घरातला एक माणूस तीन शिफ्टमध्ये करत होता. मला हे दोन एकच आहेत हे माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, घास गिळताना थोडा त्रास झाला.

मग बाबांनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. १९९४ च्या आसपासची. त्यांच्या कंपनीत एका बॅचला फार फेस यायला लागला होता. मालक म्हणाला, यूडीसीटीला सॅम्पल नेऊन दे, तिथले सर बघतील. न्यायचा माणूस आला नव्हता, म्हणून बाबा थर्ड शिफ्ट संपवून तसेच निघाले. पिशवीत काचेच्या दोन बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. अंबरनाथहून स्लो लोकल, माटुंग्याला उतरून चालत. वाटलं होतं बाटल्या खिडकीत द्यायच्या, पावती घ्यायची, परत. पण तिथल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "प्लांट तुम्ही स्वतः चालवता का?" हो म्हटल्यावर खुर्ची दिली. अर्धा तास प्रश्न. फेस चार्जिंग करताना येतो की गरम करताना? ॲजिटेटर बंद केला की बसतो का? वास बदलतो का? कागदावर चित्र काढून बाबांच्याच हातात पेन दिलं, दाखवा कुठे येतो.

"मला अहो-जाहो करत होते," बाबा म्हणाले. "आमचा मालकसुद्धा करत नव्हता."

ते प्राध्यापक कोण होते? बाबांना नाव आठवत नाही. शर्मा सर असते तर माझा लेख फार छान जमला असता, पण उगाच कशाला चिकटवा. मला त्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की ते कोणीही असू शकत होते. जिथे असं वागणं हा रिवाज असतो, तिथे तो कोणीतरी पाडलेला असतो. आणि त्या वर्षी त्या संस्थेचे डायरेक्टर शर्मा होते.

डायरेक्टर ते १९८९ मध्ये झाले, १९९७ पर्यंत होते. हिशेब करा. प्रोफेसर सत्ताविसाव्या वर्षी, आणि डायरेक्टरची खुर्ची बावन्नाव्या. मध्ये पंचवीस वर्षं शिकवणं आणि विद्यार्थ्यांकडून पीएचड्या करून घेणं. इकडे आमच्याकडे सहाव्या वर्षी "रेडी फॉर लीडरशिप". :(

पण हा युक्तिवाद मी स्वतःशीच जिंकायला निघालो आणि अडखळलो. कारण सत्ताविसाव्या वर्षी प्रोफेसर म्हणजे तरी काय? पहिल्या दिवसापासून हाताखाली माणसंच की! त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांमध्ये एक होते रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, वयाने शर्मांपेक्षा जेमतेम साडेपाच वर्षांनी लहान. १९६६ मध्ये यूडीसीटीतून केमिकल इंजिनीअर, १९६९ मध्ये शर्मांकडे पीएचडी. पुढे एनसीएलचे संचालक, मग १९९५ ते २००६ सीएसआयआरचे महासंचालक. त्यांचा १९७० चा बबल कॉलमवरचा एक पेपर आहे. त्यावर नावं आहेत माशेलकर आणि शर्मा. त्याच क्रमाने. नंतरचे जोशी आणि शर्मा, यादव आणि शर्मा. ज्याने टायट्रेशन केलं त्याचं नाव आधी, सरांचं शेवटी. आमच्याकडे क्लायंटला डेमो द्यायचा असतो तेव्हा नावांचा क्रम काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

आणि या शेपटीकडच्या नावाची पुढची गंमत बघा. जे. बी. जोशी १९९९ मध्ये यूडीसीटीचे डायरेक्टर झाले. जी. डी. यादव, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे, २००९ पासून दहा वर्षं आयसीटीचे पहिले कुलगुरू. दोघंही शर्मांकडे पीएचडी केलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचं एक खातं म्हणून टेक्सटाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनीअरिंग अशा दोन शाखांवर सुरू झालेली ही जागा, २००२ मध्ये नाव बदलून संस्था झाली, आणि २००८ मध्ये स्वतंत्र अभिमत विद्यापीठ. खात्याचं विद्यापीठ होणं हे वाचायला एका ओळीचं आहे. ज्यांनी कधी सरकारी कचेरीत साधा दाखला काढलाय त्यांना त्यामागच्या फायलींची कल्पना येईल. हे एका माणसाच्या आठ वर्षांत झालं नाही, तीन पिढ्यांनी केलं. पण पिढ्या तयार होत्या.

मानसन्मान भराभर सांगून टाकतो. १९८७ मध्ये पद्मभूषण, २००१ मध्ये पद्मविभूषण, १९८९-९० मध्ये इन्साचे अध्यक्ष. १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, आणि १९९६ मध्ये त्याच सोसायटीचं लिव्हरह्युम पदक. एफआरएस होणारे पहिले भारतीय इंजिनीअर असं सगळीकडे छापतात. यात एक गोम आहे. मुंबईचे अर्देसर कर्सेटजी वाडिया, जहाजं बांधणाऱ्या घराण्यातले, १८४१ मध्येच एफआरएस झाले होते. स्टीम इंजिनांचं काम करणारा, माझगावच्या आपल्या बंगल्यात १८३४ मध्ये गॅसचे दिवे लावणारा माणूस इंजिनीअर नाही तर कोण? तेव्हा "स्वतंत्र भारतातले पहिले" म्हणा, वाद मिटला. (कॉमन फॅक्टर मुंबई आणि गॅस, हे माझं संशोधन.)

एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. यूडीसीटीचा अभिमान म्हणजे उद्योग उभे करणारे विद्यार्थी. केकी घरडा, रेड्डीजचे अंजी रेड्डी, एशियन पेंट्सचे अश्विन दाणी, अंबानी. शर्मा स्वतः कंपन्यांना सल्ला द्यायचे आणि प्राध्यापकाने कारखान्यात जायलाच हवं असं मानणारे होते. बरोबरच आहे, नाहीतर बाबांच्या बाटल्या तिथे कोणी घेतल्या नसत्या. पण मी अंबरनाथला वाढलोय. वालधुनी नदीच्या पुलावरून शाळेत जाताना आम्ही नाक दाबायचो आणि आज पाणी कुठल्या रंगाचं आहे यावर पैजा लावायचो. स्क्रबर कसा बांधायचा हे माटुंग्यात ठाऊक होतं. तो चालवायला वीज लागते, कॉस्टिक विकत घ्यावं लागतं, आणि रात्री कोण बघतंय? हे मी बाबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या शिफ्टला चालू असायचा." त्यापुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

प्रोफेसर विद्या देऊ शकतो, रात्रपाळीला येऊन बटण दाबू शकत नाही. तिथे बाबाच लागतात. हे कोणाला निर्दोष ठरवायला म्हणत नाहीये. उद्योगाशी इतकं जवळचं नातं असलेल्या संस्थेने नदीबद्दल अजून मोठ्याने बोलायला हवं होतं असं मला वाटतं, आणि हे वाटणं १५१ कोटींनी कमी झालं नाही.

शनिवारी रात्री झोप येईना. माळ्यावरून खोकं काढलं, नोट्स काढल्या (झुरळाची अंडी सकट), लॅपटॉप उघडला आणि पायथनमध्ये बाबांचा दुसरा स्क्रबर लिहायला घेतला. एसओटू आणि कॉस्टिक. कॉलमचा व्यास, गॅसचा फ्लो, पॅकिंगचं क्षेत्रफळ, सगळं बाबांना झोपेतून उठवून विचारलं. पहाटे दोनला प्रोग्रॅम चालला. उत्तर: पॅकिंगची उंची अकरा मीटर.

सकाळी चहाबरोबर अभिमानाने दाखवलं. बाबांनी चष्मा लावला, आकडा बघितला आणि हसले. "आमचा चार मीटरचा होता रे. आणि वास यायचा नाही."

"पण बाबा, इक्वेशन..."

"कॉस्टिकचा पंप वाढवून फार फरक पडायचा नाही. थायोनिल हळू सोडलं, गॅस कमी आला, की वास बंद. मग कॉस्टिकने काय बिघडवलंय तुझं?"

पाच मिनिटं लागली, पण पेटली ट्यूब. मी कार्बन डायऑक्साइडच्या रिअ‍ॅक्शनचा वेग घालून ठेवला होता, कारण रात्री वाचलेलं तेच डोक्यात होतं. एसओटू आणि कॉस्टिकची रिअ‍ॅक्शन क्षणात होते. द्रवाच्या बाजूला अडतच नाही, अडतं ते वायूच्या बाजूला, म्हणजे पृष्ठभागापर्यंत पोचण्यातच. नक्की कुठे अडतंय, वायूत, द्रवात की रिअ‍ॅक्शनमध्ये, हे आधी ओळखा आणि मग आकडे घाला. शर्मांच्या अख्ख्या विषयाचं हे पहिलं पान आहे. मी ते परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. बाबांनी ते पुस्तक उघडलेलं नाही.

रविवारची दुपार दुरुस्त्या करण्यात गेली. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. मध्येच विचारायचे, "ही ओळ काय करते?" आणि मी सांगायचो. सहा वर्षांत मी काय बनवतो हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं. नवीन उत्तर आलं ३.४ मीटर.

"आता बरोबर," बाबा म्हणाले. "पण चारच ठेव. पॅकिंग चोंदतं."

मॅनेजरला मेल लिहून झालाय. अजून दोन वर्षं मला कोड लिहू द्या, आणि नवीन आलेल्या दोन पोरांना माझ्याबरोबर बसवा, नऊ नकोत. पगारवाढ त्यात नसेल, हे आईला अजून सांगितलेलं नाही. मेल ड्राफ्टमध्ये आहे. बाबा म्हणतायत की आता पहिला स्क्रबर पण लिही, एचसीएलचा, तो गरम व्हायचा, ते तुझ्या प्रोग्रॅममध्ये येतं का?

येत नाही. घालावं लागेल.